सव्वा महिन्याची तवसळी

अठराशे ब्याऐंशीच्या भाद्रपदात ठाण्याच्या नौपाड्यातल्या अण्णांनी लेकीला ‘सव्वा’ शिकवायचं ठरवलं, आणि तेही पाटीवर नव्हे, चुलीपाशी. (कचेरीतल्या कारकुनाने चुलीच्या वाटेला जाऊ नये, हे त्यांना मागाहून कळलं.) लक्ष्मीबाई बाळंतपणाला कल्याणला माहेरी होत्या. मुलगा झाल्याचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं, बाळंतीण सव्वा महिन्याने घरी यायला मोकळी होईल. तेव्हापासून आठ वर्षांची सुमती एकच विचारी, सव्वा म्हणजे किती? घर दोघांनाही खायला उठलं होतं.

सुमतीला काकडी घालून भाजलेली रव्याची गोड तवसळी आवडे. अण्णांनी पातेल्यात वाटीभर रवा घेतला, वर पाव वाटी घातला. ही सव्वा. पाव म्हणजे काय, असं तिने विचारलं, म्हणून चार वेळा पाव वाटी ओतून एक वाटी होते तेही दाखवलं, आणि तो रवा काढून घ्यायला विसरले. किसलेली काकडी आणि गूळही त्याच मानाने पडला. खाली निखारे, झाकणावर निखारे. थोड्या वेळाने तवसळी झाकण उचलून बाहेर आली आणि वरचे निखारे आत गेले. भांडी घासणाऱ्या बायजाने पातेलं ठोकून पाहिलं.

“अण्णा, याला छिन्नी लागंल.”

सुमतीला मात्र हिशेब पक्का कळला. तीस दिवस, वर पाव महिना म्हणजे साडेसात. म्हणजे आई अडतिसाव्या दिवशी भर दुपारी येणार. बाळ झाल्यापासूनच्या दिवसांच्या रेघा तिने भिंतीवर कोळशाने ओढल्या आणि मग रोज एक वाढवू लागली. सव्वा महिना ही नुसती बोलण्याची रीत आहे, हे अण्णांनी सांगायला हवं होतं. त्यांच्याने सांगवेना. कचेरीतून आले की तेच आधी रेघा मोजीत.

अडतिसाव्या दिवशी पोटदुखीचं निमित्त सांगून त्यांनी अर्धी रजा काढली. दोघं स्टेशनात जाऊन उभी राहिली. कल्याणकडची गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली. पुढचीही तशीच गेली.

“अण्णा, माझं गणित चुकलं का हो?”

“नाही गं. तुझं बरोबर आहे.”

 त्यांनी कल्याणची तिकिटं काढली. बोलावणं नसताना जावई आला म्हणून लोक हसले, तर हसू देत.

दार लक्ष्मीबाईंनीच उघडलं. सुमती त्यांना बिलगली. ओटीवर ट्रंक, बोचकं आणि कुंचीतलं बाळ तयार होतं.

“सकाळपासून बांधाबांध करून बसलेय,” लक्ष्मीबाई हळूच म्हणाल्या. “न्यायला नवऱ्याने यायचं असतं ना?”

गाडीला उशीर झाला, असं अण्णा पुटपुटले.

“गाडी वेळेवर होती, आई,” सुमती म्हणाली. “आम्हीच दोन तास ठाण्याला तुझी वाट बघत उभे होतो.”