पाटी लावण्याची घाई

माझं चुकलं ते एवढंच, की मी पेढे जरा लवकर वाटले. पुढे जे रामायण घडलं त्यात माझा दोष फार तर बारा आणे असेल. (माझी बायको उल्का तो सोळा आणे धरते. इथे कुवेतला जाब्रियाच्या क्लिनिकमध्ये ती लॅब सांभाळते, त्यामुळे कुठल्याही रिपोर्टमध्ये माणसाला सूट द्यायची तिला सवय नाही.)

आमची लेक शलाका इंग्लंडमध्ये रेडिंगला फिजिओथेरपिस्ट आहे. गेली काही वर्षं ती दुसऱ्यांच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन राहत होती. फ्रिजचा एक कप्पा तिचा, बाकी सगळा परमुलूख. अशा मुलीला एक लहानसं घर मनापासून आवडलं. मागे सफरचंदाचं झाड, पुढे लाल दार. मालकीणबाई मिसेस हॉब्सन एकट्या होत्या आणि घर विकून समुद्राकाठच्या फ्लॅटमध्ये जाणार होत्या. एका शुक्रवारी शलाकाचा फोन आला.

"बाबा, माझी ऑफर ॲक्सेप्ट झाली. पण प्लीज, इतक्यात कुणाला सांगू नका. इट्स नॉट फायनल."

यातलं पहिलं वाक्य मी नीट ऐकलं. दुसऱ्या वाक्याच्या वेळी मी चपला शोधत होतो. शुक्रवार म्हणजे कुवेतची सुट्टी, सबाह अल-सालेममधली आमची अख्खी इमारत घरीच होती. तासाभरात मी फहाहीलहून पेढे आणून दारोदार वाटले आणि इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'इंग्लंडला घर घेतलं.' (त्यात 'शलाकाने' हा शब्द राहून गेला. बोटं दमली असतील.)

अभिनंदनाचा नुसता पाऊस पडला. कुणीतरी विचारलं, "गायधनीसाहेब, पाटी लावली का?" झालं. आम्हा नाशिककरांच्या डोक्यात एकदा पाटी शिरली की निघत नाही. आमच्याकडे गडी, नळ, वीज यायच्या आधी पाटी येते.

मी मीना अब्दुल्ला या गावच्या रिफायनरीत आहे. तिथल्या कंत्राटदाराकडे कुडाळचा बाळा सुतार आहे. त्याला मी सागाची फळी दिली.

"साहेब, नाव कोणाचा घालू?"

"माझं. श्री. विजयकुमार गायधनी. आणि वर गणपती."

"पण घर चेडवाचा ना?"

"अरे, पण त्या चेडवाचा बाप कोण?"

हे बाळाला पटलं की नाही माहीत नाही, पण गणपती त्याने इतका सुरेख कोरला की मला भरून आलं.

आता पाटी पोचवायची कशी? तर आमच्या मेंटेनन्सचा प्रसाद ट्रेनिंगसाठी इंग्लंडला निघाला होता. मी पाटी आणि पेढ्यांचा एक डबा त्याच्या हवाली केला, नव्या घराचा पत्ता दिला आणि म्हणालो, "शलाकाला दे. दसऱ्याला लागली पाहिजे बघ, मुहूर्त चुकवू नकोस." इथे मी एक गोष्ट विसरलो. मेंटेनन्सच्या माणसाला तारीख दिली की ती डेडलाइन होते. ते लोक अडचणी सांगत नाहीत, काम करतात, फोटो काढतात आणि जॉब क्लोज करतात.

दसऱ्याला दुपारी ग्रुपवर फोटो आला. लाल दार, शेजारी विटांच्या भिंतीवर माझी पाटी, वर झेंडूचा हार. खाली प्रसादचा संदेश, 'पाटी बसवली. चार स्क्रू. काम पूर्ण.' शलाका ड्युटीवर होती, फोन उचलेना. मिसेस हॉब्सन बाजारात गेलेल्या. प्रसादने शेजाऱ्यांकडून ड्रिल मागून घेतलं आणि मुहूर्त साधला.

मी तो फोटो उल्काला दाखवत होतो, तेवढ्यात शलाकाचा फोन आला.

"बाबा, व्हॉट हॅव यू डन?"

"आवडली?"

"मिसेस हॉब्सन घरी आल्या तर त्यांच्या भिंतीवर अनोळखी भाषेत पाटी! त्यांना वाटलं, घराचा कुणीतरी ताबा घेतला. त्यांनी सॉलिसिटरला फोन केलाय. घर विकायचंच नाही म्हणतायत."

"असं कसं? त्यांनी हो म्हटलंय ना?"

"हो म्हटलं म्हणजे काही नाही, बाबा. काँट्रॅक्ट एक्स्चेंज होईपर्यंत कुणीही मागे फिरू शकतं. त्या किंवा मी."

"मग दिलेल्या शब्दाचं काय?"

"तो कागदावर नाहीये."

ज्यांनी आपल्याला कोर्टकचेऱ्या शिकवल्या, त्यांच्याच मुलखात हो म्हणजे हो नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. पण कळून उपयोग काय? फोनवर पोरगी रडत होती. माझ्या हौसेपायी तिचं घर जायला निघालं होतं आणि मला स्वतःची मनस्वी लाज वाटत होती.

"प्रसादला सांगतो, आत्ताच्या आत्ता काढ," मी म्हणालो.

"हातसुद्धा लावू नका! माझ्या सॉलिसिटर म्हणाल्या, भिंतीला पक्कं केलं की ते घराचा भाग होतं. घर मिसेस हॉब्सनचं, म्हणजे पाटीही त्यांची."

"माझ्या नावाची पाटी त्यांची?"

"हो. स्क्रू लावताना विचार करायचा होता."

उल्काने माझ्या हातातून फोन घेतला. "शलू, डोळे पूस. त्या बाईंकडे जा, प्रसादने आणलेले पेढे घेऊन जा आणि मला व्हिडिओवर जोडून दे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही कॅमेऱ्यात येऊ नका."

मी सोफ्याच्या मागे बसून ऐकलं. उल्काने आधी माफी मागितली. मग बाईंच्या गुडघ्याची चौकशी केली. (गुडघा दुखतो हे तिला कसं कळलं, देव जाणे. म्हणे, त्या वयाच्या सगळ्याच बायकांचा दुखतो.) पेढा खाऊन मिसेस हॉब्सनचा आवाज मऊ झाला. हा हत्ती फार गोड आहे, म्हणाल्या. आणि खाली काय लिहिलंय?

मी सोफ्यामागे आणखी खाली वाकलो. उल्काने पापणीही लवू दिली नाही. "या घरात राहील तो सुखी राहो," तिने इंग्रजीत सांगितलं.

मिसेस हॉब्सन म्हणाल्या, "हाउ लव्हली."

घर वाचलं. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही सॉलिसिटरांची कामं मार्गी लागली. घरासोबत काय काय राहणार, मालकीण काय काय नेणार, याची तिकडे बारीक नोंद होते. पडद्यांचे दांडे राहणार होते, शेगडी आणि फ्रिज राहणार होते. बसवलेल्या वस्तूंपैकी मिसेस हॉब्सन एकच नेणार होत्या, पाटी. आणि मी ब्र काढू शकत नव्हतो, कारण खरा मजकूर सांगितला असता तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

त्यातच शलाकाच्या बँकेने माझी सही मागवली. मी थोडी मदत केली होती ना, त्याबद्दल. उल्काने वाचून दाखवलं. ही रक्कम भेट आहे, या घरात माझा कसलाही हिस्सा नाही, आणि तिथे राहण्याचाही मला हक्क नाही.

"म्हणजे हक्काने जाता येणार नाही?" मी विचारलं.

"जाता येईल की. पोरीने बोलावलं तर," उल्का म्हणाली. मी सही केली.

किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी शलाका रिकाम्या घरात फोन घेऊन नाचली. सगळा फ्रिज माझा, असं ओरडत तिने आम्हाला तो उघडून आतूनही दाखवला. खरं सांगतो, इतका आनंद मला स्वतःच्या घराचाही झाला नव्हता. भिंतीवर चार भोकं तेवढी उरली होती.

आठवड्याने मिसेस हॉब्सननी त्यांच्या नव्या फ्लॅटचा फोटो उल्काला पाठवला. समुद्र, निळं दार आणि दारावर श्री. विजयकुमार गायधनी. उल्काने हसत हसत तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत बातमी झाली, की गायधनींनी इंग्लंडला दुसरं घर घेतलं, आणि तेही समुद्राकाठी.

आता मी पुन्हा फहाहीलला पेढे आणायला चाललोय.