सरदारच्या ऑपरेशनचा खर्च

आमच्या गावात कुत्र्याची नसबंदी करायची असेल, तर मालकाला आपली एक इच्छा दवाखान्यात जमा करावी लागते. पैसे घेत नाहीत. कुत्र्याची एक इच्छा आपण कायमची काढून घेणार, तेव्हा तेवढ्याच वजनाची एक आपणही द्यायची, असा सरळ व्यवहार आहे. त्यात गैर काय, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

जमा केलेली इच्छा परत मिळत नाही, आणि पुन्हा मनात येतही नाही. त्यामुळे ज्यांच्या घरी कुत्रा असतो ती माणसं एखादी इच्छा मुद्दाम अपुरी ठेवतात. समोरचे खटावकर ऐपत असूनही गोव्याला जात नाहीत. मी पेटीचा क्लास लावला नाही. लोकांना वाटायचं, याला वेळ नाही. वेळ बख्खळ होता. पण सरदारचं ऑपरेशन कधी ना कधी करावं लागणार, तेव्हा पेटी शिकायची इच्छा कामाला येईल, म्हणून मी ती जपून ठेवली होती.

सरदार हा आमचा कुत्रा. गेल्या महिन्यात तो दोनदा कुंपण ओलांडून पळाला आणि दुसऱ्या खेपेला कान फाडून घेऊन आला. टाके घालताना डॉक्टर म्हणाले, "आता लांबवू नका. पुढच्या वेळी हा परत येईलच असं नाही." माझी बायको कुमुद सरदारचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "सोमवारी जायचं म्हणजे जायचं."

दवाखान्यात खिडकीपाशी तांबटबाई बसतात. त्यांच्या टेबलावर पितळी तराजू आणि शेजारी झाकणाच्या काचेच्या बरण्या असतात. आधी एका पारड्याशी कुत्र्याचं तोंड नेतात. सरदारने पारडं हुंगलं, मान वर करून एकदाच केकाटला, आणि पारडं दाणकन टेबलाला टेकलं.

"जड आहे हो," तांबटबाई म्हणाल्या. "अंगात रग आहे अजून. आता तुम्ही दुसऱ्या पारड्यात बोला. वाकून आणि स्पष्ट."

मी वाकून म्हणालो, "मला पेटी वाजवायला शिकायचं आहे."

पारडं हललं नाही.

"किती वर्षं ठेवली होती?"

"आठ-दहा असतील."

"वाळली. लोक आणतात अशा. दुसरी बघा."

"गच्चीवर एक खोली बांधायची आहे."

पारडं जरासं थरथरलं. "ही शेजाऱ्यांनी बांधली म्हणून झालेली आहे," तांबटबाई म्हणाल्या. "तुमची स्वतःची सांगा ना."

मी केरळ सांगितलं, चारधाम सांगितलं, पहाटे उठून फिरायला जाण्याचं सांगितलं. पहाटे उठण्याची इच्छा तर त्यांनी हातानेच झटकून टाकली, म्हणाल्या की ती रोज कुणी ना कुणी घेऊन येतं. मला ओशाळल्यासारखं झालं. साठीला आलेला माणूस, आणि जवळ एका कुत्र्याएवढी इच्छा नाही.

"माझी चालेल का?" कुमुदने विचारलं.

"घरातल्या कुणाचीही चालते, काकू."

कुमुदने पदर खोचला आणि वाकली. "मला एकटीनं राहायचंय," ती म्हणाली. "वाईला. एक खोली, एक स्टोव्ह. चहा कधी करायचा ते माझं मी ठरवणार. सारखं 'काय करतेस, काय करतेस' विचारणारं कुणी नको."

तिचं पारडं खाली आदळलं आणि सरदारचं वर उडालं. तांबटबाईंनी दोन्ही हातांनी तराजू धरला.

"काकू, एवढी लागत नाही. आणि उरलेली परत देता येत नाही."

"असू दे. नाही तरी घरात नुसती पडूनच आहे."

"पडून राहिलेली एवढी भरत नाही. ही रोजच्या वापरातली आहे."

मला फार लागलं. 'काय करतेस' हे मी रोज विचारतो, पण मायेने विचारतो. मग भीती वाटली. आणि मग, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. इच्छा एकदा बरणीत गेली की कुमुद कुठे जाणार नव्हती, तिला जावंसं वाटणारही नव्हतं. मला फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते काही अवघड नाही.

तांबटबाईंनी बरणी पुढे ओढली. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात बघावं, तसं कुमुदने त्या बरणीत पाहिलं.

"थांबा," मी म्हणालो. "माझी एक आत्ताच झाली आहे. ताजी चालते का?"

"ताजीच चांगली. पण आधी काकूंची उचलावी लागेल. काकू, वाका आणि श्वास आत ओढा."

"अहो, उगाच काहीतरी बोलून बसू नका," कुमुद मला म्हणाली. पण ती वाकली आणि तिने श्वास चांगला खोल ओढला.

मी पारड्यावर वाकलो. "हिने मला सोडून जाऊ नये," मी म्हणालो.

दोन्ही पारडी समोरासमोर येऊन उभी राहिली.

"बरोबर बसली," तांबटबाई म्हणाल्या. "पण विचार करा. झाकण लागलं की ही तुम्हाला पुन्हा होणार नाही."

"माहीत आहे. लावा."

मला रडू फुटलं होतं. त्यांनी झाकण फिरवलं, आणि रडू थांबलं.

ऑपरेशन नीट झालं. सरदार आता कुंपणाकडे बघतही नाही. त्याचे टाके निघाल्यावर कुमुदने बॅग भरली आणि मी ती एसटी स्टँडपर्यंत उचलून नेली. वाईची गाडी लागलेलीच होती. पायरीवर एक पाय ठेवून ती वळली. तिचे डोळे भरले होते.

"अहो," ती म्हणाली, "एकदा तरी नको म्हणा."

मी मनात शोधलं. तिच्यासाठी म्हणून अगदी कोपऱ्याकोपऱ्यात शोधलं.

"पाणी घेतलंस ना?" मी विचारलं.

ती हो म्हणाली. गाडी वेळेवर सुटली.