ही वायर काढायची नाही

कपाटामागच्या काळ्या वायरीला एक चिंधी बांधलेली होती आणि तिच्यावर बॉलपेनने लिहिलं होतं, "ही वायर काढायची नाही." काका नऊ वर्षं तो हुकूम पाळत आले होते. रंगारी आले, सुतार आला, एकदा गळकी भिंत फोडायला गवंडी आला. काकांनी कुणाला त्या वायरीच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नव्हतं. चिंधी काकूंनी बांधली होती. घरातल्या वायरी हे काकूंचं खातं. काकांनी जन्मभर चष्मे बनवले, त्यांना काचेपलीकडचं काही कळत नसे. काकूंना जाऊन आठ महिने झाले होते, आणि ते खातं आता कुणाकडेच नव्हतं.

आज त्या वायरीपुढे इंटरनेट कंपनीची बाई मांडी घालून बसली होती. चाळिशीची, कमरेला हत्यारांचा पट्टा, तोंडात स्क्रू.

"काका, तुमचं कनेक्शन कसलं आहे, माहितीय?"

"इंटरनेटचं."

"ते झालंच हो. तांब्याचं की फायबरचं?"

"तांब्याचंच असेल. आमच्या हिला तकलादू काही खपायचं नाही."

बाईंनी तोंडातला स्क्रू काढला. "चौकापर्यंत फायबर आलंय. तिथून तुमच्या घरापर्यंत टेलिफोनची जुनी तांब्याची तार. जितकी लांब तार, तितका वेग कमी. त्यात जागोजाग जोड, प्रत्येक जोडाला गंज. मग चित्र अडकणार नाही तर काय होणार?"

चित्र अडकायचं हे खरं होतं. दर शनिवारी पाच वाजता मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. काकांची त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. "आईचे कपडे देऊन टाकलेत ना?" असं तिने विचारलं, तेव्हा ती अशीच अडकलेली होती, आणि काका त्या थांबलेल्या तोंडाकडे बघून म्हणाले होते, "दिले. सगळे." तांब्याच्या तारेवर खोटं बोलणं सोपं जातं.

पण गेल्या शनिवारी तिचा धीर सुटला. "बाबा, एकटे राहता, निदान नीट दिसत तरी जा. पुढच्या शनिवारी कॉल नीट लागला नाही, तर मी गाडी घेऊनच येते. घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं. बास!" काकूंच्या हातच्या गाठी ज्या घरात होत्या, त्या घराला कुलूप. काकांनी दुसऱ्याच दिवशी कंपनीला फोन केला होता.

"आणि ते फायबर म्हणजे काय असतं?"

"काच. केसाएवढी बारीक काच, तिच्यातून उजेड पळतो."

काच म्हटल्यावर काका खुर्चीतून उठले. "काच, आणि वाकते?"

"बेताने वाकवली तर वाकते. कोपऱ्यावर मोडली की संपलं."

"माणसासारखंच की," काका म्हणाले. "घाला, घाला."

घालायची कुठून, हा प्रश्न निघाला. खिडकीखाली भिंतीला एकच भोक, आणि त्यातून दोन काळ्या वायरी बाहेर गेलेल्या. बाईंनी शेजारी दुसरं भोक पाडायला घेतलं. दोन बोटं खोल गेल्यावर मशीन किंचाळलं. "पिलर आहे. लोखंड लागलं." दुसऱ्या बाजूला पाडायला गेल्या, तर तिथे नळाचा पाइप. साडेचार वाजले.

"यातली एक काढावी लागेल काका. ही पहिली चालू आहे, फायबर लागेपर्यंत ती राहू दे. ही चिंधीवाली काढू."

"ती मेन आहे! नऊ वर्षं जपलीय मी. लिहिलंय बघा."

बाईंनी मीटर लावला. काटा ढिम्म. "डेड आहे ही."

काका हळूच म्हणाले, "असू दे. डेड असली म्हणून काढायची?"

बाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग काकांकडे. "पाचचा कॉल म्हणाला होतात ना?"

काकांनी तोंड फिरवलं. "हळू ओढा."

बाईंनी हळू ओढली. वायर हलेना. पाय भिंतीला लावून ओढली. बाहेर बाल्कनीत काहीतरी खाडकन सुटलं, आणि खालच्या मजल्यावरून आवाज आला, "अहो चष्मेकाका, तुमची विजार माझ्या कुंडीत आली!"

वायर सर्रकन आत आली आणि खिडकीच्या गजांवर ओल्या बनियनांचा नि रुमालांचा ढीग येऊन आदळला. काकूंनी उरलेल्या टेलिफोनच्या वायरीची कपडे वाळत घालायची दोरी केली होती. एक टोक बाल्कनीच्या पाइपला, दुसरं भोकातून आत, कपाटाच्या पायाला. काका रोज त्याच दोरीवर कपडे वाळत घालत होते आणि रोज कपाटामागे तिची राखण करत होते.

बाई खो खो हसू लागल्या. "नऊ वर्षं दोरीला पहारा!"

काका हसले नाहीत. गजांमधून हात घालून ते ढिगातून एक निळा बायकी स्वेटर सोडवत होते. बाईंचं हसू थांबलं.

"काकूंचा?"

"शनिवारी धुतो."

बाईंनी भोकातून काचेचा तंतू घेतला, डबी ठोकली, हिरवा दिवा लावला. मग न सांगताच ती काळी वायर घरातल्या घरात बांधून दिली, कपाटापासून खिडकीच्या गजापर्यंत. "आता भोकात जागा नाही. इथेच वाळू दे," म्हणाल्या आणि गेल्या.

पाच वाजता मुलगी दिसली. केसातली पिनसुद्धा दिसली.

"बाबा! किती स्पष्ट दिसताय! दाढी नाही केलीत?"

"केली की. एक बाजू राहिली असेल."

मग ती गप्प झाली. काका सवयीने डबी बंद-चालू करायला उठू लागले. "अडकलीस का गं?"

"नाही बाबा." तिच्या गालावरून एक थेंब खाली येत होता, म्हणजे चित्र चालू होतं. "तुमच्या मागे आईचा स्वेटर आहे ना?"

काकांनी वळून बघितलं, जणू त्यांना ठाऊकच नव्हतं.

"सगळं दिलं म्हणाला होतात."

"मळला होता," काका म्हणाले.

"कशाने?"

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसायला घेतला.

ती नाक पुसून म्हणाली, "लोकरीचं असं वाळत घालतात का? उलटा करून घालायचा. रंग उडतो. आई केवढी ओरडली असती!"

"ओरडली असती," काका म्हणाले.

"पुढच्या शनिवारी बघणार आहे मी, उलटा घातलाय की नाही."

"इथेच?"

"मग कुठे? दोरी तिथेच आहे ना."

काका उठले. स्वेटर काढला, बाह्या आतून ओढून उलटा केला आणि पुन्हा वायरीवर टाकला. शेजारी चिंधी लोंबत होती, तीही उलटी झाली होती. ती मात्र त्यांनी सुलट केली, अक्षरं मुलीच्या बाजूला येतील अशी.