लंडनच्या कोर्टासाठी गरिबी

तारिकशेठ मुलाणींनी गुरुवारी सकाळी कपाटातला सगळ्यात जुना शर्ट मागितला, तेव्हा त्यांची बायको साजिदा म्हणाली की तो तर गेल्या वर्षीच फरशी पुसायला काढला.

"मग तोच दे," तारिकशेठ म्हणाले. "फकस्त पिळून दे."

या शर्टाची गरज लंडनच्या कोर्टामुळे पडली होती. पिरंगुटच्या औद्योगिक वसाहतीत तारिकशेठचा रबराचा लहानसा, पण व्यवस्थित चाललेला कारखाना होता. कॉफीच्या यंत्रांत बसणाऱ्या रबरी रिंगा तिथे बनत. इंग्लंडमधली एक कंपनी त्या रिंगा खुशीने नेत असे. मात्र सगळ्यात मोठ्या मालाचे पैसे द्यायची वेळ आली आणि कंपनीच्या नाकाला जाग आली. तुमच्या रिंगांमुळे आमच्या कॉफीला वास येतो, असं तिने कळवलं. तारिकशेठनी त्या रिंगा उकळून ते पाणी स्वतः प्यायलं, साजिदालाही पाजलं. पैसे बुडाल्याचं दुःख होतंच, पण आपल्या मालाला नावं ठेवली हे त्यांना जास्त लागलं. भांडण झालं तर लंडनच्या कोर्टात, असं करारात लिहिलेलं होतं, म्हणून त्यांनी तिथे दावा लावला.

कंपनीने वासाचं उत्तर देण्याऐवजी वेगळाच अर्ज टाकला. हा माणूस राहतो तिकडे भारतात, मुळशीत. उद्या तो हरला आणि आमच्या वकिलांचा खर्च त्याच्यावर बसला, तर तो वसूल करायला आम्ही कुठे हिंडायचं? तेव्हा त्याने त्या खर्चापोटी आधी अनामत भरावी, मगच दावा चालवावा. अनामत अशी मागितली होती की ती भरायची तर कारखाना विकावा लागला असता. न भरावी तर दावा तिथेच संपला असता आणि रिंगांचा वास कायमचा खरा ठरला असता.

तारिकशेठची वकील क्षितिजा पुण्यात बसून लंडनच्या वकिलांशी बोलणी करायची. तिने फोनवर सांगितलं की समोरच्या बाजूचे एक सीए, दिग्विजय नावाचे, गुरुवारी कारखाना पाहायला येतील. त्यांना जे आहे ते दाखवा. हे ऐकून तारिकशेठना हसू आलं. पोरगी हुशार होती, पण तिने धंदा केलेला नव्हता. तारिकशेठच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं आणि त्यांची शिकवण स्वच्छ होती. ऑफिसातला माणूस दारात आला की आवाज खाली, पंखा बंद, आणि धंद्याचं विचारलं की एक लांब सुस्कारा. या उपायापुढे आजवर सगळ्या खात्यांचे साहेब हरले होते. लंडनचं कोर्ट झालं तरी शेवटी ऑफिसच.

म्हणून बुधवारीच तयारी झाली. रबर दाबायच्या नव्या मशीनवर ताडपत्री पडली, अर्ध्या कामगारांना सुट्टी मिळाली आणि गाडी समोरच्या किशोरच्या हॉटेलामागे गेली. किशोर शाळेपासूनचा मित्र. "जरा अडचण हाय, गाडी तुझ्याकडं राहू दे," एवढंच तारिकशेठ त्याला म्हणाले. खरं सांगितलं असतं तर ते चहाबरोबर गिऱ्हाइकांना मिळालं असतं, आणि साहेबही तिथेच चहा पिणार होता. किशोरने काही विचारलं नाही. मनातल्या मनात मात्र सगळं ओळखलं, आणि जे ओळखलं ते गिऱ्हाइकांना सांगितलं.

संध्याकाळपर्यंत तारिकशेठ बुडाल्याचं पिरंगुटभर झालं. गणपती तोंडावर आले होते. मंडळाचे अध्यक्ष बंडोपंत स्वतः घरी आले आणि खाली मान घालून त्यांनी वर्गणी परत केली. "दिस सरळ झाले की द्या," असं म्हणून त्यांनी तारिकशेठच्या पाठीवरून हात फिरवला. गोळा केलेली वर्गणी परत करायची मंडळाची ही पहिलीच वेळ असल्यामुळे बंडोपंतांनी नोटा तीनदा मोजल्या. तारिकशेठना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मागून शेजारणी आल्या. कुणी तांदूळ आणले, कुणी मेथी, कुणी नुसतंच डोळ्यांत पाणी आणलं. साजिदा नवऱ्याकडे पाठ करून मेथी निवडत बसली.

गुरुवारी दिग्विजय पुण्याहून येताना भूगावच्या गर्दीत अडकून, पण हसतमुखाने आला. ओलसर शर्टातल्या तारिकशेठनी त्याला बंद पंख्याखाली बसवलं आणि वडिलांचं नाव राखलं. ऑर्डरी नाहीत, गिऱ्हाईक नाही, दिवस कसेबसे ढकलायचे. दिग्विजय लॅपटॉपवर टिपून घेत होता.

"म्हणजे तुम्ही हरलात, तर आमच्या अशिलाचा खर्च देऊ शकणार नाही?"

"कुटनं देणार, सायेब?"

"थोडासुद्धा नाही?" दिग्विजयने प्रेमाने विचारलं.

"अजाबात न्हाई."

दिग्विजयचा चेहरा उजळला, आणि तिथे तारिकशेठच्या मनात पाल चुकचुकली. आजवर त्यांची गरिबी पाहून कुठलाच साहेब खूश झाला नव्हता. चहाचं निमित्त करून ते बाहेर गेले आणि त्यांनी क्षितिजाला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"काका, तुम्ही कफल्लक आहात, एवढंच तर त्यांना सिद्ध करायचं होतं. आपण म्हणणार होतो की तुमचं उत्तम चाललंय, अनामतीची गरजच नाही."

"मंग तसं आदी सांगायचं न्हाई का?"

"जे आहे ते दाखवा, असं सांगितलं होतं," क्षितिजा म्हणाली.

तारिकशेठ धावत आत आले. त्यांनी पंखा लावला, ताडपत्री ओढून काढली आणि ही मशीन माझी आहे, नवी आहे, गाडीपण आहे, असं एका दमात सांगून टाकलं. दिग्विजयने मशीनचे फोटो काढायला सुरुवात केली. नेमकं हेच समोरून किशोरने पाहिलं. पुण्याचा माणूस, लॅपटॉप, मशीनचे फोटो. जप्ती आली, याबद्दल त्याला शंकाच उरली नाही. झारा टाकून तो रस्ता ओलांडून आला. मागे त्याची बायको कल्पना चहा घेऊन, तिच्यामागे बंडोपंत, आणि सुट्टीवर असूनही काळजीने हॉटेलात बसून राहिलेले कामगार.

"ही मशीन माझी हाय," किशोर म्हणाला. "ह्याच्याकडं नुसती ठिवायला दिलीया."

हॉटेलवाल्याला रबर दाबायची मशीन कशाला लागते, असं दिग्विजयने विचारलं. किशोरने प्रथमच मशीनकडे नीट पाहिलं.

"पापडाला," तो म्हणाला.

मग सगळ्यांनाच धीर आला. शेडचे पत्रे मंडळाचे आहेत, असं बंडोपंतांनी जाहीर केलं. पॅकिंगवाल्या फहमिदाने वजनकाट्यावर हात ठेवून तो आपल्या माहेरचा असल्याचं सांगितलं. गाडी तर किशोरच्याच अंगणात उभी होती. तारिकशेठ घसा फोडून सांगत होते की हे सगळे खोटं बोलतायत, सगळं माझंच आहे.

"धसका घेतलाय त्यानं," किशोर दिग्विजयला हळूच म्हणाला. "मनावर घिऊ नगा."

दिग्विजयने हात थांबवला. मालमत्ता दडवणारे लोक त्याने पुष्कळ पाहिले होते. मालक माझं माझं म्हणून ओरडतोय आणि अख्खा बाजार ते हिसकावून घेतोय, हे त्याला नवीन होतं. तो थकून म्हणाला की ठीक आहे, इथलं काहीच यांचं नाही असं लिहितो. पण ही जप्ती नाही. हे दावा हरले तर समोरच्यांचा खर्च कोण देणार, एवढंच मला लिहून न्यायचंय.

कल्पना दिग्विजयला चहा देताना हलक्या आवाजात काहीतरी बोलली, बहुतेक साखरेचं विचारत असावी. मग तिने ट्रे खाली ठेवला.

"ह्यांचं नाव लिवा," ती किशोरकडे बोट करून म्हणाली. "आन खाली माजं."

किशोर क्षणभर दचकला, पण त्याने लगेच मान हलवली. फहमिदा म्हणाली की माझंही लिहा. बंडोपंतांनी नाव दिलं, पण पुढे अध्यक्ष लावायला लावलं. कामगार रांगेत उभे राहिले. दिग्विजय सरळ माणूस होता. त्याने प्रत्येकाची सही घेतली. तारिकशेठ रबराच्या पोत्यावर बसले आणि रडले. इतकं प्रेम आपल्याला खोटं बोलून मिळालं याची त्यांना लाज वाटत होती, आणि आनंदही मावत नव्हता. शर्ट आधीच ओला असल्यामुळे डोळे त्यालाच पुसले ते कुणाला कळलं नाही.

गणपती उठल्यावर निकाल आला. क्षितिजाने तो फोनवर वाचून दाखवला तेव्हा तिलाच हसू आवरत नव्हतं. न्यायाधीशांनी दिग्विजयचा अहवाल दोनदा वाचला होता. मशीन, गाडी आणि शेड अस्तित्वात आहेत, ती कोणाची हे पिरंगुटने आपसात ठरवावं. मात्र ज्याच्या खर्चाला इतकी माणसं आपणहून जामीन राहतात, त्याच्याकडून अनामत मागायचं कारण दिसत नाही. अर्ज फेटाळला, दावा चालणार. रिंगांना आता कोर्टात तोंड उघडता येणार होतं.

तारिकशेठ तसेच किशोरकडे गेले आणि त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. किशोर आधी चिडला, मग पापडाची आठवण होऊन इतका हसला की त्याला भट्टीपासून लांब व्हावं लागलं. हसू ओसरल्यावर त्याने विचारलं, "आन हारलास तर?"

"तर तुमाला द्यावं लागंल."

"किती?"

तारिकशेठनी त्याच्या कानात सांगितलं. किशोरच्या हातातला झारा कढईतच राहिला. वडे तांबडे झाले, मग काळपट व्हायला लागले.

"कल्पनाला बोलू नगंस," तो शेवटी म्हणाला. "तिला झोप लागायची न्हाई."

कल्पना पलीकडे पिठात बटाटे बुडवत होती.

"मला म्हाईत हाय," ती मान वर न करता म्हणाली. "सायबाला आदी आकडा इचारला, मंगच तुमचं नाव सांगितलं. वडे काढा, जळाय लागलेत."