अन् मानेचं काय?

आमच्या बिल्डिंगच्या गेटातून डोक्यावर टोपी घालून आत येणाऱ्या माणसाची सुटका नसते. सोनवणे काका त्याला अडवतात, टोपी काढून घेतात, उन्हाकडे धरतात आणि एक डोळा मिटून आतून बघतात. कापडातून उजेडाचे ठिपके दिसले की चुकचुकतात. मग खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी निघते आणि काठ मोजला जातो. शेवटी टोपी परत त्याच्या डोक्यावर ठेवून ते त्याला खांद्याला धरून पाठमोरा करतात आणि विचारतात, "अन् मानेचं काय?"

या प्रश्नाचं उत्तर काळेवाडीत अजून कुणाला देता आलेलं नाही. आमचा कुरिअरवाला आता हेल्मेट घालूनच जिना चढतो.

काका चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. गाड्यांचे सुटे भाग बनायचे तिथे. मी मशीनवर होतो आणि काका माझ्या डोक्यावर. शिफ्ट सुरू झाली की पहिला पीस त्यांच्याकडे न्यायचा, त्यांनी पास केल्याशिवाय दुसऱ्या पीसला हात लावायचा नाही. एकदा मी घाईत स्वतःच मोजून मशीन चालू केलं, तर काकांनी अख्ख्या पेटीला रिजेक्टचा लाल टॅग बांधला. पीस सगळे मापात होते. मी तसं म्हणालोही.

"असतील की," काका म्हणाले. "पण ज्यानं बनवला त्यानं पास करायचा नसतो. आपलंच पोरगं कुणाला तिरळं दिसतंय का?"

रिटायर होताना लोकांनी त्यांना घड्याळ दिलं. त्यांनी येताना उरलेल्या लाल टॅगचा गठ्ठा मागून आणला. तेव्हापासून त्यांच्या घरातल्या मिक्सरला, कुंडीला आणि एका मेव्हण्याने पाठवलेल्या भिंतीवरच्या घड्याळाला लाल टॅग लटकत होते. माझ्या पी-कॅपलाही एक मिळाला. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "कारण - कान दोन, झाकलेले शून्य."

पण टोप्यांचं हे वेड जुनं नाही. ते गेल्या वर्षीचं, आणि ते काकूंमुळे लागलं.

सोनवणे काकू लातूरकडच्या. शाळेत असताना खो-खो खेळायच्या, लग्नानंतर इकडे आल्या आणि समोरच्या ग्राउंडवर गल्लीतल्या पोरींना फुकट शिकवायला लागल्या. साडीचा पदर खोचायचा, तोंडात शिट्टी धरायची आणि दोन तास नुसता आरडाओरडा करायचा. गेल्या वर्षी त्यांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर लाल चट्टे उठायला लागले, सांधे धरायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, ऊन हाच या दुखण्यातला शत्रू. बाहेर पडायचंच झालं तर मलम, पूर्ण बाह्या आणि चांगल्या रुंद काठाची टोपी. टोपीशिवाय ग्राउंड बंद.

काकूंनी आधी स्कार्फ गुंडाळून बघितला, गाडीवर मुली गुंडाळतात तसा. चट्टे थांबले, पण शिट्टी वाजवता येईना आणि ओरडलेलं कुणाला ऐकू जाईना. आठवड्यात त्यांनी शिट्टी देवघराच्या खिळ्याला टांगली आणि पडदा लावून घरात बसल्या. चार वाजले की ग्राउंडवरून पोरींचा "खो" ऐकू यायचा, आणि काकू स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडायच्या. हे मला काकांनी सांगितलं, तेही पट्टी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवसापासून काका टोप्यांच्या मागे लागले. पिंपरीच्या मार्केटमध्ये मला घेऊन गेले. दुकानदाराने आधी क्रिकेटवाली गोल हॅट दाखवली, मग समुद्रकिनाऱ्यावर घालतात ती फितीची, मग गवताची. काका प्रत्येक टोपी दुकानाबाहेर नेऊन सूर्याला दाखवून आणत होते. गवताच्या हॅटमधून त्यांच्या नाकावर उन्हाची रांगोळी पडली.

"ही चाळणी आहे," ते म्हणाले. "हिच्यात रवा चाळा."

"काका, अहो फॅशनची आहे ती," दुकानदार म्हणाला.

"फॅशन मानेवर कुठवर येते ते दाखवा."

दुकानदाराने मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, हे सरकारी आहेत का?"

पाच टोप्या घरी आल्या. काकांनी त्या गच्चीवर भर दुपारी स्वतः घालून तपासल्या. एक तास प्लास्टिकच्या खुर्चीत उन्हाला पाठ करून बसायचं, मग खाली येऊन गाल, कान आणि मान हाताने चाचपायची आणि वहीत टिपायचं. मी म्हणालो, "काका, चक्कर येऊन पडाल." ते म्हणाले, "टेस्ट न करता माल कस्टमरला द्यायचा होय?"

पाचातली एक त्यातल्या त्यात बरी निघाली. ती त्यांनी काकूंच्या डोक्यावर ठेवली आणि टोपी पुढे कलंडून काकूंच्या नाकावर आली. मागे मान उघडी ती उघडीच.

तीस वर्षं मिलिमीटरचा दहावा भाग पकडणारे सोनवणे काका एक गोष्ट मोजायची विसरले होते. काकूंचा अंबाडा. चांगला मुठीएवढा, मानेच्या वरच बसणारा. बाजारातली कुठलीच टोपी अंबाडा धरून केलेली नव्हती.

"कापू का मग अंबाडा?" काकू म्हणाल्या. "का त्यालाही टॅग बांधताव?"

मी हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी त्या टोपीला लाल टॅग बांधला आणि 'कारण'पुढे पहिल्यांदाच लिहिलं: "इन्स्पेक्टरची चूक."

त्यानंतर महिनाभर ते मला फारसे भेटले नाहीत. दुपारी त्यांच्या घरातून शिलाई मशीनची घरघर यायची, अधूनमधून थांबायची आणि मग काकांचा "आयला" ऐकू यायचा. गच्चीवरची खुर्ची मात्र रोज भरलेली असायची.

एका शनिवारी सकाळी त्यांनी मला वर बोलावलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पोरींची मॅच होती, पलीकडच्या वॉर्डाच्या संघाशी. पोरी आदल्या संध्याकाळी येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. "काकू, तुम्ही नसलात तर आम्हाला ओरडणार कोण?" असं विचारून गेल्या होत्या. काकूंनी बघते म्हणून सांगितलं होतं.

टेबलावर टोपी होती. काकांच्या जुन्या युनिफॉर्मच्या निळ्या जाड कापडाची. रुंद काठ, मागे अंबाड्यासाठी शिवलेला खोल कप्पा आणि त्याखाली मानेवर उतरणारी झालर. एका बाजूला खिशाच्या शिवणीची जुनी खूण तशीच दिसत होती. काकांनी पट्टी माझ्या हातात दिली आणि स्वतः दोन पावलं मागे सरकून हात पाठीशी बांधून उभे राहिले. आम्ही त्यांच्यासमोर उभे राहायचो तसे.

"फर्स्ट पीस आहे," ते म्हणाले. "तू बघ."

मी टोपी उन्हाकडे धरली. एक ठिपका नाही. शिवण ओढून पाहिली, पक्की होती. काठ मोजला. उजवीकडे बरोबर होता. डावीकडे दोनदा मोजला, मग तिसऱ्यांदा मोजला. काका माझ्या हाताकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

काय करावं कळेना. खोटं बोललो असतो तर त्यांनी ओळखलं असतं, आणि ते मला त्यांनी शिकवलेलंही नव्हतं.

"काका, डावीकडे चार मिलिमीटर कमी आहे."

त्यांनी मान डोलावली. "माहीत आहे. रिजेक्ट कर. पण दुसरी उद्यापर्यंत होणार नाही."

आणि ते खुर्चीत बसले. कंपनीत ज्यांच्या नुसत्या पावलांच्या आवाजाने आम्ही पास झालेला पीसही पुन्हा मोजायला घ्यायचो तो माणूस इतका लहान होऊन बसलेला मला बघवेना.

मग मला सुचलं. कंपनीत एक सोय असते. पीस थोडा मापाबाहेर असला, पण काम देणारा असला, तर कस्टमर सही करून तो चालवून घेऊ शकतो. त्याला डेव्हिएशन म्हणतात. काकांनी तीस वर्षांत त्याची शिफारस एकदाही केली नव्हती.

"डेव्हिएशन घ्या ना, काका. कस्टमरची सही लागेल फक्त."

काकू स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. शिलाई मशीन त्यांचं, घर दोन खोल्यांचं. महिनाभर त्यांना काही कळलं नसेल असं फक्त काकांनाच वाटत होतं. त्यांनी ओले हात पुसले, टोपी घातली, आरशात न बघता मान डावी-उजवीकडे फिरवली. अंबाडा कप्प्यात जाऊन बसला. मग त्यांनी टेबलावरचा एक लाल टॅग ओढून घेतला आणि त्यावर सही म्हणून आपलं पूर्ण नाव लिहिलं.

रविवारी ग्राउंडवर काकू दिसल्या आणि पोरी त्यांना टोपीसकट उचलायला धावल्या. "लांब व्हा, टोपी पडंल!" ही घरात बसल्यापासूनची पहिली आरोळी. मग दहा वाजल्यापासून त्या रेषेच्या कडेने फिरत जे ओरडायला लागल्या, ते पलीकडच्या वॉर्डाचे लोक कानात बोटं घालून बघत राहिले. काका दोरीपाशी उघड्या डोक्याने उभे होते. त्यांनी मॅच बघितलीच नाही. झालरीची सावली काकूंच्या मानेवरून हटते का, एवढंच ते बघत होते.

मध्यंतरात काकू पोरींना पाणी प्यायला सोडून सरळ काकांकडे आल्या. त्यांनी काकांना खांद्याला धरून पाठमोरं केलं. काकांची मान कॉलरच्या वर काळी ठिक्कर पडली होती, सालटं निघत होती. गच्चीवर तपासलेल्या सगळ्या टोप्यांचा हिशेब तिथे होता. मी रोज त्यांना गच्चीवर बसलेलं बघत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं, याची मला लाज वाटली.

"अन् मानेचं काय?" काकू म्हणाल्या.

काकूंनी कमरेचा नॅपकिन बाटलीतल्या पाण्याने भिजवून त्यांच्या मानेवर टाकला, दोन्ही हातांनी दाबून बसवला आणि शिट्टी फुंकत परत ग्राउंडवर गेल्या.

नॅपकिन सरळ पडला नव्हता. डावीकडे चांगला चार बोटं कमी होता. काकांनी तो मॅच संपेपर्यंत तसाच ठेवला.