दौलतजींचा कंडेन्सर

माझ्या नवऱ्याची बदली धानोऱ्याला झाली तो दिवस मला चांगला आठवतो. जंगलखात्याची नोकरी. हुकूम हातात पडला की चार दिवसांत हजर व्हायचं. मला शाळेपायी चांद्यातच राहायचं होतं, म्हणून मी न्हाणीमागे उभी राहून पदरानं डोळे पुसत होते. कुडाच्या पलीकडून शेजारच्या दौलतजींनी मान वर काढली, माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि म्हणाले, "मास्तरीनबाई, त्या बदली करनाऱ्या साहेबाचा कंडेन्सर गेला हाय. जाडा आवाज येते त्याले. बारीक नाई येत."

एवढं बोलून मान खाली गेली. सांत्वन संपलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस रडतंय आणि यांना कंडेन्सर सुचतो. पण दौलतजींना दुसरं काही सुचतच नसे. म्हशीनं दूध कमी दिलं, कंडेन्सर गेला. म्युनिसिपल कमिटीचा रस्त्यावरचा दिवा पेटला नाही, कंडेन्सर गेला. आमच्या कन्याशाळेच्या मुख्याध्यापिकाबाई नाकात बोलत, त्यांचा तर म्हणे बसवलाच नव्हता. मी एकदा चिडून विचारलं, "अन् तुमचा?" तर माझ्यावरच डोळे वटारून घरात गेले.

दौलतजी चांद्याच्या टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. मुक्या खेळांपासून तिथे होते. बोलपट आला तेव्हा त्याच्यासोबत एक मोठा थोरला स्पीकर आला, आणि दौलतजींनी पंचवीस वर्षं त्याची उठबस केली. मग टॉकीजनं नवा स्पीकर घेतला. जुना भंगारात निघाला, तसे हेही घरी बसले, आणि बसताना त्याला बैलबंडीत घालून घरी घेऊन आले. धान्याच्या कोठीएवढी पेटी, आणि तिच्या डोक्यावर कर्ण्यासारखा भोंगा. दारातून जाईना, तर या गृहस्थानं स्वतःच्या घराची चौकट फोडली. ती फोडलेली चौकट तशीच. तिला एक मोठी फळी टेकवून दिली, झालं दार.

त्या पेटीत काय आहे हे त्यांनी मला न विचारता दहा वेळा सांगितलं होतं. "खाली जाडा आवाज, वर बारीक आवाज. अन् मंधात कंडेन्सर. कंडेन्सर म्हनजे चाळनी, बाई. चाळनी बुजली का बारीक आवाज वरतं जातच नाई." जुने कंडेन्सर कागदाचे, मेणात बुडवलेले. आमच्याकडच्या पावसाळ्यात ते ओल धरत, फुगत, म्हणून बदलायचे. आधी मेणाचे नवे घातले. मग ते बेकार म्हणून मिलिटरीच्या जुन्या मालातले तेलाचे आणले, तिखटाच्या डब्याएवढे, पत्र्याचे. नागपूरला जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती चिठ्ठी. कोणी विसरून आला की महिनाभर त्याच्याशी बोलणं बंद.

बरं, बदला. तुमची पेटी, तुमचा कंडेन्सर. पण बदलला की वाजवून पाहायचा, आणि तो कधी? मी शाळेतून येऊन कपाळाला सुंठ लावून आडवी झाले की. एकच रेकॉर्ड. कुठल्याशा भजनाची, आणि त्यात मागे मंजिरी, म्हणजे बारीक टाळ, वाजते. ती मंजिरी त्या भोंग्यातून अशी निघे की माझ्या मांडणीवरची भांडी थरथरत. आणि कुडावरून हाक यायची, "मास्तरीनबाई, मंजिरी येऊन राह्यली का?"

"येऊन राह्यली. डोक्यात घुसून राह्यली. बंद करा."

"नाई येऊन राह्यली. खोटं काऊन बोलता?"

आता याला काय म्हणावं? आख्ख्या मोहल्ल्याच्या कानठळ्या बसल्यात आणि हा माणूस म्हणतो, येत नाही. मी शाळेत शुद्ध बोलते, मुलींच्या तोंडातलं 'काऊन' खोडून 'का' करते, पण दौलतजींशी भांडताना माझी सगळी शुद्धता वाऱ्यावर जाई. "तुमाले काय पायजे, भाऊ? आमी मरावं?" असं मी ओरडे. तेही ओरडत. आमची भांडणं थेट गावाच्या परकोटापर्यंत ऐकू जात असतील. दुसऱ्या दिवशी आणखी एक कंडेन्सर वाढलेला असे आणि मंजिरी आणखी धारदार.

पण माझा खरा राग त्या रेकॉर्डवर नव्हता. तो होता गिरजाबाईंमुळे.

गिरजाबाई म्हणजे दौलतजींची बायको. इतक्या हळू आवाजाची बाई मी पाहिली नाही. घरात तान्हं मूल निजलंय आणि ते उठेल, अशा बेतानं जन्मभर बोलत आली. आणि गेली दोन वर्षं हा माणूस दिवसातून वीस वेळा तिच्यावर खेकसे, "मोठ्यानं बोल न. तोंडातल्या तोंडात काय बोलतं?" ती पुन्हा बोले, तितक्याच हळू. हा पुन्हा खेकसे. मग ती गप्प बसे. पुढं पुढं तर ती त्याच्याशी बोलेनाशीच झाली होती. ताट आणून ठेवायचं, पाण्याचा गडू ठेवायचा, जायचं. मला भिंतीआडून सगळं कळे आणि माझा जीव तडफडे.

एकदा विहिरीवर मी तिला म्हटलं, "गिरजाबाई, तुम्ही ऐकून काऊन घेता? एक दिवस चांगल्या ओरडा त्याईच्यावर."

ती हसली. "मले ओरडता नाई येत, बाई. कोनं शिकवलंच नाई."

मी घरी येऊन दौलतजींच्या नावानं पुन्हा बोटं मोडली.

त्यात आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन आलं. लग्नसराई होती, भाड्याचे भोंगे सगळे अडकलेले. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, दौलतजींचा आणू. मी हात जोडले, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. त्या म्हणाल्या, अहो, टॉकीजचा स्पीकर आहे. आला बंडीतून. मी दोन महिने मुलींकडून एक संवाद बसवून घेतला होता, एकेक अक्षर घोटून. पहिली मुलगी उभी राहिली, 'सन्माननीय सभाध्यक्ष' म्हणाली, आणि तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा भोंगा फिस्स करून ओरडला. प्रत्येक 'स'ला तसंच. पाहुण्यांनी कानात बोटं घातली. पुढच्या रांगेतली पोरं रडायला लागली. शाळेबाहेरची कुत्री केकाटू लागली. मी दौलतजींना हातानं खुणा करते आहे, कमी करा, कमी करा. ते भोंग्याला कान लावून बसलेत आणि मानेनं नाही म्हणताहेत. संवादातली दुसरी मुलगी अर्ध्या वाक्यात रडत आत पळाली.

मी व्यासपीठावर गेले. माईक माझ्या तोंडासमोर आहे हे रागात ध्यानातच आलं नाही. म्हणाले, "दौलतजी, तुमचे कान गेले का?"

त्या भोंग्यानं त्या दिवशी एवढं एकच वाक्य स्वच्छ ऐकवलं. सगळं मैदान हसलं.

मला वाटलं, आता हे मला फाडून खातील. पण दौलतजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकून तारा काढल्या, गुंडाळल्या आणि बंडीच्या मागे मान खाली घालून चालत निघून गेले. मला वाईट वाटलं म्हणाल, तर मुळीच नाही. मुलींची मेहनत मातीत गेली होती. त्याच संध्याकाळी मी कमिटीला अर्ज लिहिला, की सदर पेटीमुळे मोहल्ल्यातील रहिवाशांचे जगणे असह्य झाले असून ती तेथून तात्काळ हटवण्यात यावी. अकरा घरांनी खाली नावं घातली. काहींनी अंगठे दिले. कमिटीचे मेंबर आमच्याच मोहल्ल्यातले, म्हणजे पेटी आठ दिवसांत जाणार हे ठरल्यासारखंच होतं.

पण पाठीमागून अर्ज करणाऱ्यांतली मी नाही. रविवारी दुपारी अर्ज हातात घेतला आणि तोंडावर सांगायला त्यांच्या घरी गेले. भोंगा वाजतच होता, पण मंजिरी नव्हती. कुणीतरी बोलत होतं. मी फळी बाजूला केली आणि तिथेच थांबले.

भोंग्यासमोर हातभर अंतरावर दौलतजी पाटावर बसले होते, पाठ माझ्याकडे. कोपऱ्यात गिरजाबाई, गरम भाकर धरावी तसा माईक दोन्ही हातांत धरून. त्यांच्या त्याच हळू आवाजात त्या म्हणत होत्या, "वांग्याची भाजी केली. मीठ बरोबर हाय का?" आणि तो आवाज भोंग्यातून असा निघत होता की मी अर्जासकट दोन्ही हात कानावर ठेवले.

दौलतजी म्हणाले, "भाजी आली. मंधातलं नाई आलं. पुन्हा बोल." आणि पेटीच्या मागे वाकून पेचकसानं एक कंडेन्सर काढायला लागले.

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. मी रागातच आले होते, रागातच विचारलं, "हे काय चालवलं?"

"तुमी शाळेत बोलल्या ते बरोबर हाय, बाई," ते म्हणाले. "कान गेले. दोन वर्स झाले. तुमचा आवाज येते मले. मेंबराचा येते. म्हशीचा येते. हिचाच तेवढा नाई येत."

मी म्हटलं, "डॉक्टरला दाखवायचं होतं."

"नागपूरले दाखवलं. मशीनच्या खोलीत बसून बसून बारीक आवाजाचं गेलं म्हने, ते आता वापस येत नाई." त्यांनी नवा डबा बसवला, पेच आवळला. "कान बदलता नाई येत, बाई. कंडेन्सर बदलता येते. ते मंजिरी मले पाठ हाय. ते आली का हिचा आवाजही येईन, असं धरून चाललो."

मी दोन वर्षं या माणसाशी ओरडूनच बोलत होते. कळणार कसं? मी गिरजाबाईंकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं? मग मला एका शब्दानं सांगितलं नाही?"

"लोकाईले सांगू नोको म्हनले," त्या म्हणाल्या. माईक त्यांनी खाली धरला होता, त्यामुळे दौलतजींना ते काही ऐकू गेलं नाही.

आणि मी सगळ्या चांद्याला माईकवरून सांगितलं होतं. मला इतकी लाज वाटली की धरणीनं पोटात घ्यावं. आणि लाज वाटली की मला राग येतो, तो माझा स्वभाव आहे. मी गिरजाबाईंवरच घसरले. "अन् तुम्ही काय मिठाचं विचारत बसल्या? हातात माईक हाय. दोन वर्सांचं बोला न काही."

गिरजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग भोंग्याकडे. मग माईक तोंडाशी नेला.

"चौकट कवा लावान?" भोंगा ओरडला. "पावसात पानी घरात येते, मी एकटी उपसतो. माह्या बहिनीच्या लग्नात मले एकटीले धाडलं, तुमी मशीनपाशी बसून राह्यले. एवढे वर्स टॉकीजमधी होते. मले एक खेळ पुरा दाखवला का? एकही नाई."

आवाज चढलेला नव्हता. नेहमीचाच हळू, विहिरीवरचा. पण मोहल्ल्यातली दारं उघडल्याचं मला ऐकू आलं. बाहेरून कोणीतरी विचारलं, "मास्तरीनबाई, अर्ज दाखवला का त्याईले?"

दौलतजी हललेसुद्धा नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं. मग त्यांनी हात वर केला.

"थांब. भोंगा कलला."

पेटीवरचा भोंगा खरंच एका बाजूला झुकला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या हातातला कागद न विचारता ओढून घेतला, चार घड्या घातल्या आणि भोंग्याच्या बुडाखाली सारला. भोंग्याचं तोंड बरोबर त्यांच्या कानासमोर आलं. अर्ज मी तिथेच राहू दिला.

ते पाटावर नीट मांडी घालून बसले.

"हं, गिरजे," ते म्हणाले. "खेळापासून पुन्हा बोल."

मी उंबऱ्यावर बसले, कानात बोटं घातली आणि ऐकत राहिले.