चालू हाय, जा

चिखलोलीला आमच्या चाळीत नमस्कार वगैरे भानगड नाही. पारूमावशीच्या दारावरून जायचं तर मनगट पुढे करायचं. ती डोळे मिटून नाडी धरणार आणि म्हणणार, "चालू हाय, जा." दूधवाला, कुरियरवाला, कोणी सुटत नाही. एकदा समोरच्या टॉवरचा एजंट फ्लॅट विकायला आला. मावशीनं त्याचाच हात धरला. परत फिरकला नाही.

मी शाळेचं तोंड बघितलं नाही. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापतो. डोक्याच्या गोळ्या चालू आहेत. आधी मला भिंती शिव्या द्यायच्या, आता फक्त शेठ देतो. पण गोळ्यांनी पोट दगड झालं. डोक्याच्या डॉक्टरला पोटाचं कसं सांगणार, त्याचं खातं वेगळं. म्हणून बाजारातून जुलाबाची पूड आणली. दुकानदार चमचाभर बोलला होता, मी अख्खी पुडी घेतली. आपल्याला अर्धवट काम जमत नाही. मग काय, मी आणि संडास. जेवण बंद. गोळी तेवढी वेळेवर घेत होतो, शहाणा ना मी.

बादली घेऊन मावशीच्या दारावरून निघालो, तिनं मनगट धरलं. "चालू हाय" काही येईना. तिनं डोळे उघडले.

"अडकतंय रं."

म्हटलं, "मावशी, माझं सगळंच अडकतं. पोट तेवढं सुटलंय."

हसली नाही. तशीच गाऊनवर मला रिक्षात कोंबून हॉस्पिटलात घेऊन गेली.

ईसीजी काढला, रक्त घेतलं. डॉक्टर म्हणाले, जुलाबात अंगातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम वाहून गेलं, वर ही गोळी. दोन्ही मिळून हृदयाचा ठेका बिघडवतात, जीव पण जातो. सलाईन लावलं, गोळी बदलली. मी विचारलं, क्षारच कमी ना, मग वेफर्स खाऊ का? डॉक्टर नर्सकडे बघायला लागले.

मावशी स्टुलावर बसलेली. सलाईनकडे बघत बोलली, "आमचा विलास पण डोक्याच्या गोळ्या खायचा. उलट्या लागल्या त्याला. बोलला, आई, छातीत फडफडतंय. मी बोलले, नाटकं नको, झोप. सकाळी उठलाच नाही."

आणि तिनं माझं मनगट परत धरलं.

आता सकाळी मीच हात नेऊन देतो. एकदा विचारलं, मावशी, किती ठोके भरले?

"मला कुठं मोजता येतं? हाय का नाय, तेवढंच बघते."

आणि हात सोडायचं विसरली. मी पण काढून घेतला नाही. कारखान्यात उशीर झाला. शेठनं त्या दिवशी भिंतींच्या वाटणीच्या शिव्या पण देऊन टाकल्या.